दोमिएची तीन मुलं

समोर न्हाण्याचा टब आहे. त्यात एक मूल डोक्यावर पडलंय. धड पाण्यात, पाय तेवढे वर. त्याची आई मेजाशी बसून लिहितेय आणि तिची मान काही वळत नाही. खाली एका ओळीचा मजकूर: आई लेखनाच्या आगीत, मूल टबाच्या पाण्यात!

ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकारानं १८४४ साली पॅरिसच्या ‘ल शारिवारी’ या रोज निघणाऱ्या व्यंगपत्रासाठी हे शिळाछाप चित्र काढलं. लिहिणाऱ्या बायकांची टर उडवणारी ४० चित्रांची मालिका त्या वर्षी जानेवारी ते ऑगस्ट चालली, त्यातलं हे एक. मालिकेचं नाव ‘निळे मोजे’. विद्वत्तेचा सोस असलेल्या बाईला तेव्हा निळे मोजेवाली म्हणत. गंमत अशी की, ज्या मोज्यांवरून हे नाव पडलं ते एका पुरुषाचे होते. अठराव्या शतकात लंडनमधल्या एका विदुषीच्या बैठकीला बेंजामिन स्टिलिंगफ्लीट नावाचे गृहस्थ रेशमी मोजे सोडून साधे निळे लोकरी मोजे घालून जायचे. मोजे त्यांचे, नाव मात्र बायकांना चिकटलं.

मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले. खोटं कशाला बोलू? हवेत वर आलेले ते दोन बारके पाय पाहून हसू न येणारा माणूस विरळाच. शिवाय आमच्याकडेही लिहायला बसलं की दूध उतू जातंच, आणि ते मी सोडून घरातल्या कुणाच्याच जबाबदारीचं नसतं. हसून झाल्यावर मात्र एक गोष्ट बोचायला लागली. मूल बुडतंय हे चित्रातल्या कुणालाच दिसत नाहीये. दिसतंय ते चित्र बघणाऱ्याला, म्हणजे ‘शारिवारी’च्या वर्गणीदाराला, आणि तो कॉफीहाऊसमध्ये बसून हसतोय. मुलाला बाप असणारच. तो कुठे गेलाय? मला वाटतं, तोच हा अंक हातात घेऊन बसलाय.

अशा विनोदाबद्दल आपल्याकडे वाद निघाला की दोन ठरलेल्या फळ्या पडतात. एक म्हणते, विनोद आहे, हसा आणि सोडून द्या. दुसरी म्हणते, हे असलं बंद करा. पहिलीला मी वैतागले आहे आणि दुसरीची मला भीती वाटते. त्या भीतीचं कारण सांगायला या टबाच्या १० वर्षं मागे जावं लागेल, दोमिएनं काढलेल्या आणखी एका मुलाकडे.

१८३०च्या जुलै क्रांतीनंतर फ्रान्सच्या गादीवर लुई-फिलिप आला. नव्या सनदेत, म्हणजे राज्यघटनेत, स्पष्ट लिहिलं होतं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही. शार्ल फिलिपाँ या प्रकाशकानं ते शब्दशः खरं मानलं. १८३१मध्ये राजाच्या बदनामीच्या खटल्यात त्यानं कोर्टात चार चित्रं काढून दाखवली. पहिलं राजाचं डोकं, मग ते हळूहळू बदलत चौथ्या चित्रात सरळ नासपतीचं फळ. आता यातल्या कुठल्या चित्राला शिक्षा करणार, असा त्याचा सवाल. शिक्षा झालीच, पण पॅरिसच्या भिंतींवर पोरंटोरंसुद्धा नासपती काढायला लागली. त्याच वर्षअखेरीस तरुण दोमिएनं राजाला एक अगडबंब राक्षस करून खुर्चीवर बसवलं. गरिबांच्या पैशांच्या टोपल्या फळीवरून त्याच्या तोंडात जातायत आणि खुर्चीखालून पदव्या नि सनदा बाहेर पडतायत. खुर्ची कसली, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. (त्याच १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. तंत्र तेच, दगडावर तेलकट खडूनं काढायचं. तिकडे त्या दगडानं माणूस तुरुंगात गेला, इकडे घराघरात तिथी पोचली.)

आता ते मूल. एप्रिल १८३४मध्ये पॅरिसमध्ये उठाव झाला. १५ तारखेला रू त्रांस्नोनाँ या गल्लीतल्या एका घरातून सैनिकांवर गोळी आली असं म्हणत सैनिक आत शिरले आणि झोपेतल्या रहिवाशांना त्यांनी मारलं. दोमिएच्या चित्रात ना सैनिक आहे, ना राजा. विस्कटलेलं अंथरूण आहे, त्याला टेकून नाइटशर्ट घातलेला बाप मरून पडलाय, आणि त्याच्या अंगाखाली एक तान्हं मूल चिरडलंय. डोकं तेवढं दिसतं. मजकुरात फक्त गल्लीचं नाव आणि तारीख. विनोदाचा लवलेश नाही. फिलिपाँनं हे चित्र आपल्या पत्रांना होणारे दंड भरण्यासाठी जी मासिक चित्रमाला काढली होती, तिच्या वर्गणीदारांसाठी छापलं. पोलिसांनी हाती लागल्या तेवढ्या प्रती नष्ट केल्या आणि दगडही जप्त केला.

दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. चित्रकार एकच, दोन्हीकडे मूल, दोन्हीकडे मरण. पहिल्या चित्रात मूल सरकारनं मारलं, ते चित्र जप्त झालं. दुसऱ्यात ते आईच्या हलगर्जीपणानं बुडतंय, त्याला परवानगी मिळाली. या दोहोंच्या मध्ये एक कायदा उभा आहे.

२८ जुलै १८३५ला फिएस्की नावाच्या माणसानं २५ बंदुकांच्या नळ्या एकत्र बांधलेलं यंत्र राजाच्या मिरवणुकीवर झाडलं. १८ माणसं मेली. राजा वाचला. सरकारला निमित्त मिळालं आणि ९ सप्टेंबरला कायदा झाला: कुठलंही चित्र, छापील वा कोरलेलं, गृहखात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय छापायचं, लावायचं किंवा विकायचं नाही. लेखांना पूर्वपरवानगी लागत नव्हती, चित्रांना लागत होती. मग सनदेतल्या त्या ‘पुन्हा कधीही नाही’चं काय? कायदेमंत्र्यांनी त्यातून पळवाट काढली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की सनदेनं संरक्षण दिलंय ते मताला. छापलेला शब्द म्हणजे मत. चित्र मात्र डोळ्यांशी बोलतं, ते मत नव्हे, ती कृती.

हा युक्तिवाद ऐकलेला वाटतो ना? १९७०मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात के. ए. अब्बास यांच्या लघुपटावरून खटला चालला. वर्तमानपत्राला पूर्वपरवानगी लागत नाही तर चित्रपटाला का, असा अब्बास यांचा प्रश्न होता. न्यायालयानं उत्तर दिलं की चलच्चित्र इतर कुठल्याही कलेपेक्षा भावना खोलवर ढवळतं, म्हणून त्याला वेगळी वागणूक देणं रास्त आहे. १३५ वर्षं उलटली होती, खंड वेगळा, पण चित्राचा धाक तोच. वाचता येणाऱ्यावर विश्वास ठेवता येतो, नुसत्या बघणाऱ्यावर नाही, हा त्यामागचा हिशेब मला पहिल्यापासून अपमानास्पद वाटत आलाय.

पण मूळ मुद्दा कायद्यानं काय झाकलं यापेक्षा काय मोकळं सोडलं, हा आहे. फिलिपाँचं ‘ला कारिकात्युर’ हे दुसरं व्यंगपत्र बंद पडलं. ‘शारिवारी’ला मात्र रोज एक चित्र छापायचंच होतं. राजा बाद, मंत्री बाद. उरलं काय? घर, बाजार, कोर्टाची ओसरी, घोडागाडी, भाडेकरू, सासरा, नवरा, बायको. आज संग्रहालयांत ‘दैनंदिन समाजजीवनाची चित्रं’ म्हणून ज्यांच्यापुढे आपण थांबतो, त्यांचा मोठा भाग असा परवानगीच्या चिठ्ठीवर उभा आहे.

इथे दोमिएवर अन्याय करायचा नाही मला. या अरुंद जागेतही त्यानं अचाट काम केलं. रोबेर माकेर नावाचा भामटा घेऊन त्यानं १८३६ ते १८३८ या काळात असा धुमाकूळ घातला की शेअर विकणारे, बनावट कंपन्या काढणारे, पैसे खाणारे सगळे त्यात ओळखू यायचे. वकिलांवरची त्याची मालिका आजही वकिलांच्याच ऑफिसांत फ्रेम करून लावलेली दिसते, ज्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा घरगुती व्यंग म्हणजे पळपुटं व्यंग, असं म्हणण्यात अर्थ नाही. नेम कुणावर धरलाय ते बघावं लागतं.

‘निळे मोजे’मधलंच आणखी एक चित्र. नवरा धोबिणीला द्यायचे कपडे मोजतोय आणि कुरकुरतोय: व्हिर्जिनीला अकादमीच्या काव्यस्पर्धेत सातवं उत्तेजनार्थ मिळाल्यापासून दर शनिवारी हे मलाच करावं लागतं, मला, नॅशनल गार्डच्या कॅप्टनला! त्याआधी १८३९मधल्या दोमिएच्याच एका चित्रात एक नवरा फाटकी विजार हातात धरून जॉर्ज सँड या लेखिकेच्या नावानं खडे फोडतो. ही बाई बायकांना विजारी शिवू देत नाही. एक तर घटस्फोट पुन्हा सुरू करा, नाही तर या लेखिकेला बंद करा.

घटस्फोट पुन्हा सुरू करा! यातली मेख कळायला फ्रेंच कायदा माहीत हवा. १८१६मध्ये फ्रान्सनं घटस्फोट रद्द केला होता, तो परत यायला १८८४ उजाडलं. नेपोलियनच्या १८०४च्या नागरी संहितेचं २१३वं कलम सांगायचं की नवऱ्यानं बायकोला संरक्षण द्यावं, बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळावी. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला कोर्टात उभं राहता येत नव्हतं. मतदानाचा हक्क फ्रेंच स्त्रियांना मिळाला १९४४मध्ये, या टबाच्या चित्रानंतर बरोबर १०० वर्षांनी.

म्हणून ‘तो तर सगळ्यांनाच हसायचा’ हा बचाव मला पटत नाही. वकिलाला हसलं तर वकिलाकडे कोर्ट असतं, घरमालकाला हसलं तर त्याच्याकडे भाडं असतं. बाईकडे काय होतं? २१३वं कलम, तेही तिच्या विरोधात. तागडीच्या दोन पारड्यांत आधीच वेगवेगळी वजनं असताना दोन्हीकडे सारखंच हसू टाकलं, तर तागडी काही समतोल होत नाही. आणखी एक बचाव सांगतात, तो थोडा खरा आहे: चित्रांखालचा मजकूर बहुतेक वेळा दोमिएचा नसायचा, तो फिलिपाँ नि संपादक मंडळी लिहायची. असेल. पण टबातले पाय कुणी काढले?

‘शारिवारी’ या नावाकडेही एकदा बघायला हवं. फ्रान्सच्या खेड्यांत शारिवारी म्हणजे रात्री एखाद्याच्या दारात जमून पातेली, तवे, घंटा बडवत केलेला गोंगाट. कुणाच्या दारात? पुन्हा लग्न केलेल्या विधवेच्या, म्हाताऱ्या वराच्या, बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याच्या. काही भागांत अशा नवऱ्याला गाढवावर उलटं बसवून गावभर फिरवत. गाढवावरची धिंड आपल्यालाही परकी नाही. १८३०च्या सुमाराला लोकांनी हाच गोंगाट खासदारांच्या नि सरकारी अधिकाऱ्यांच्या दारात नेला आणि फिलिपाँनं १ डिसेंबर १८३२ला आपल्या पत्राला तेच नाव दिलं. म्हणजे गावकीच्या हातातली लाठी त्यानं सत्तेवर उगारली होती. कायद्यानं १८३५मध्ये ती पुन्हा जुन्या दारात आणून ठेवली.

आता माझ्याच म्हणण्यातली फट मीच दाखवते, नाही तर कुणीतरी दाखवेलच. बंदीमुळे व्यंग बायकांवर घसरलं, असं जर मी म्हणते, तर बंदी उठल्यावर ते तिथून उठायला हवं होतं. फेब्रुवारी १८४८मध्ये क्रांती झाली, राजा पळाला, सप्टेंबरचे कायदे गेले. त्या वसंतात स्त्रियांनी आपली मंडळं काढली, ‘स्त्रियांचा आवाज’ नावाचं वर्तमानपत्र काढलं, घटस्फोटाचा कायदा मागितला. जुलै संपता संपता नव्या प्रजासत्ताकानं स्त्रियांना राजकीय मंडळांत बसायला मनाई केली. आणि ऑगस्टपासून दोमिएनं ‘घटस्फोटवाल्या’ ही मालिका काढली. १८४९मध्ये जान देरवाँ ही शिक्षिका निवडणुकीला उभी राहायला निघाली, तर त्याच वसंतात त्याची ‘समाजवादी बायका’ ही मालिका आली. आता त्याला कुणी अडवत नव्हतं. राजा नव्हता, परवानगीची चिठ्ठी नव्हती. देरवाँला पुढच्या वर्षी तुरुंगात टाकलं गेलं.

तेव्हा मला माझं म्हणणं दुरुस्त करावं लागतं. बंदी हे अर्धंच उत्तर आहे. बायकांच्या टिंगलीचा बाजार आधीपासून होता; बंदीनं १२-१३ वर्षं त्याला मक्तेदारी दिली. तेवढ्या काळात वर्गणीदाराला चव लागली, संपादकाला विक्री कळली, चित्रकाराचा हात बसला. बंदी एका दिवसात उठते, हात इतक्या लवकर उठत नाही. आणि म्हणूनच ‘हे असलं बंद करा’ म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. बंद करायचं यंत्र एकदा उभं राहिलं की ते कुणासाठी वापरलं जातं हे आपण पाहिलंय. ते त्रांस्नोनाँचं मूल जप्त करतं आणि टबातलं मूल सोडतं.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप घ्या. दोन उन्हाळ्यांपूर्वी टँकरच्या पाण्याचा हिशेब कुणाला लागेना. एका मुलानं चेअरमनचा चेहरा टँकरला चिकटवून त्यातून नोटा गळताना दाखवल्या. चित्र अर्ध्या तासात उडालं, मुलाच्या वडिलांना बोलावून समज दिली गेली आणि ग्रुपवर नियम आला: ‘इथे राजकारण नको. फक्त सणांच्या शुभेच्छा व निखळ विनोद.’ त्या दिवसापासून निखळ विनोद रोज सकाळी सहाला येतो. बायको मोबाइल घेऊन बसली नि भाजी करपली. बायको माहेरी गेली नि नवरा नाचला. बायको शॉपिंगला, नवरा भिकेला. खाली ओळीनं हसरे चेहरे, त्यात चेअरमनचा पहिला. पाण्याचा हिशेब अजून आलेला नाही.

मी एकदा तिथे लिहिलं की भाजी करपली तेव्हा नवरा कुठे होता. उत्तर आलं, ‘वहिनी, विनोद कळत नाही का?’ विनोद कळतो हो. कुणाचा करायला बंदी आहे तेही कळतं.

ही वाट फ्रान्समधून इथवर कशी आली हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. लंडनचं ‘पंच’ हे व्यंगपत्र १८४१मध्ये निघालं तेव्हा त्यानं स्वतःला ‘लंडनचं शारिवारी’ म्हणवून घेतलं. मुंबईत १८५४मध्ये ‘पारशी पंच’ निघालं, त्यातूनच पुढे ‘हिंदी पंच’ आलं. आणि पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४मध्ये सुरू झाली, तोवर दोनच वर्षांत नारायण बापूजी कानिटकरांचं ‘तरुणी शिक्षण नाटिका’ आलं. नावातच पुढे ‘भविष्यकथन’ आहे: मुली शिकल्या की काय होणार त्याचं. दोमिएचा टब कानिटकरांनी पाहिला असण्याची काही गरज नव्हती. बाईच्या हाती लेखणी आली की घरातलं काहीतरी बुडणार किंवा करपणार, हा विनोद प्रत्येक भाषेला आपला आपण सुचतो. सुचण्याला माझा आक्षेपच नाही. तोच एक विनोद सुचावा अशी सोय कोण करून ठेवतं, ते मला बघायचं आहे.

त्यामुळे माझी मागणी कात्रीची नाही. ‘निळे मोजे’ची ४०च्या ४० चित्रं छापा, वर्गात दाखवा, मी स्वतः त्यातल्या निम्म्यांना हसेन. मात्र त्यांच्या शेजारी जप्त झालेलं चित्र लावा. विनोदी कार्यक्रम करणाऱ्यांना, दिवाळी अंकांच्या संपादकांना, सकाळी सहाला पुढे ढकलणाऱ्या काकांना ‘तुम्ही कुणाला हसलात’ हे विचारण्याआधी ‘कुणाला हसायचं टाळलंत’ हे विचारा. आणि चित्राला शब्दापेक्षा कडक कायदा लावायची ही १८३५ची खोड, ती आता आपल्याकडेही मोडायला हवी. व्यंगचित्रासाठी देशद्रोहाचं कलम मुंबईत २०१२मध्ये लावलं गेलं होतं, फार जुनी गोष्ट नाही.

तिसरं मूल राहिलं. दोमिए पॅरिसच्या इल सें-लुई या बेटावर राहायचा, सेन नदीच्या काठाला. नदीत धुण्याचे तराफे असत आणि धुणावळी ओल्या कपड्यांची गाठोडी घेऊन घाटाच्या पायऱ्या चढून वर येत. १८६०च्या दशकात त्यानं त्यांतली एक रंगवली. तिच्या एका काखेत गाठोडं आहे, दुसऱ्या हातात मुलाचा हात. पायऱ्या त्या मुलासाठी उंच आहेत, म्हणून ती खाली वाकलीय. मागे उन्हात नदीपलीकडची घरं. मुलाच्या हातात कपडे बडवायचं लाकडी धोपटणं आहे. या चित्रात दोमिए हसत नाही. इथेही आई आहे, मूल आहे, पाणी आहे, आणि मूल बुडत नाही. कॅप्टनसाहेबांनी कुरकुरत मोजून दिलेले कपडे अशीच कुणी नेत असेल. तिला लिहिता येत होतं की नाही, हे चित्रावरून कळत नाही.